आठ वेळा अपात्र

१

मोजणी खात्याच्या भरती विभागात त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला एक उमेदवार चोर ठरली.

कागदपत्रं तपासायचा तिसरा दिवस होता. तळमजल्यावरच्या लांबलचक दालनात चाळीस टेबलं मांडलेली आणि प्रत्येक टेबलापुढे फाईल छातीशी धरून बसलेली माणसं. सात नंबरच्या टेबलाशी तेहतीस वर्षांची, घरी बसून शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई आली. खुर्चीत बसण्याआधी तिने आपले कागद तीनदा मोजले. कारकुनाने तिच्या पदवीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक संगणकात घातला. असे क्रमांक घालायचं खात्याने यंदाच सुरू केलं होतं. पडद्यावर लाल ओळ आली. या क्रमांकाची व्यक्ती गेली नऊ वर्षं खात्याच्या सेवेत आहे. नाव तेच, जन्मतारीख तीच, आईचं नावही तेच.

"तुम्ही तर नोकरीत आहात," कारकून म्हणाला.

"असते तर इथे कशाला आले असते?" ती म्हणाली.

कारकून हसला नाही. त्याने रखवालदाराला खूण केली. पाचच मिनिटांत ती बाहेरच्या बाकावर होती, आणि तिचे कागद छाननी अधिकारी बाईंच्या टेबलावर.

बाईंना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पाठीमागे सगळे त्यांना 'चाळण' म्हणत. त्यांच्या हाताखालून दरवर्षी दोन लाख अर्ज जात आणि खाली उतरत ते चार-पाच हजार. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं.

सहसंचालक साहेबांनी बाईंना लगेच वर बोलावलं.

"कागद नकली आहेत," साहेब म्हणाले. "आपल्या माणसाचे नंबर उचलून बनवलेत. पोलिसांना देऊन टाका. जन्माची बंदी घाला. बाहेर आठशे लोक ताटकळलेत."

"कागद नीट बघू द्या मला. उद्या बारापर्यंत."

"बारा म्हणजे बारा, बाई."

खाली येऊन बाईंनी प्रमाणपत्र खिडकीच्या उजेडात धरलं. कागद जाड होता, शिक्का उठावाचा होता, हाताला लागत होता. मग त्यांनी तो उलटा केला. मागे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक खूण होती, तिच्याशेजारी नऊ वर्षांपूर्वीची तारीख, आणि तारखेखाली अर्धवट सही. नोकरीवर रुजू होताना मूळ कागद तपासणारा अधिकारी अशी खूण करतो, हे खात्याबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

सही साहेबांची होती.

२

बाकावर ती बाई पाय जवळ घेऊन बसली होती. अधिकारी बाई तिच्याशेजारी टेकल्या.

"कागद घरी कुठे असतात तुमचे?"

"कपाटात. कुलूप असतं."

"किल्ली?"

"बाबांच्या उशाखाली. आई गेल्यापासून तिथेच."

"कोणाला कधी दिले होते? झेरॉक्सला, कामाला?"

"मूळ कागद आज पहिल्यांदा बाहेर काढले. बाबा झोपले होते, तेव्हा काढले. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, वेंधळे, हरवशील."

"वेंधळ्या आहात?"

"आहे ना," ती अगदी सहज म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वी परीक्षा दिली, त्यात नापास झाले. निकाल बघायला ताई आली होती इथे, दोघींपैकी कोणाचंच नाव नव्हतं. त्यानंतर आठ वेळा फॉर्म भरला, आठही वेळा अपात्र. एकदा फोटो नाही, एकदा सही नाही. मी सगळं लावायचे हो. लावल्यासारखं तरी वाटायचं. म्हणून आता तीनदा मोजते. यंदा परीक्षेपर्यंत पोचले आणि पासही झाले. वयात बसायचं हे शेवटचं वर्ष."

तिने घरी फोन करायची परवानगी मागितली. बाईंनी दिली. "बाबा, मला बसवून ठेवलंय," एवढं ती बोलली आणि मग पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिली.

तिच्या नावाने नोकरी करणारी बाई दोन तासांवरच्या उपविभागीय कार्यालयात होती. अधिकारी बाईंनी तिथे फोन लावला तेव्हा एक वाजला होता. हेडक्लार्क फोनवर आला.

"ती आत्ताच गेली. अर्धी रजा टाकली. घरून फोन आला म्हणाली."

"किती वाजता आला?"

"अर्धा तास झाला असेल."

बाईंनी फोन ठेवला. अर्ध्या तासापूर्वी या इमारतीत लाल ओळीची खबर चौघांनाच होती: सात नंबरचा कारकून, रखवालदार, साहेब आणि त्या स्वतः. त्यांच्यातल्या कोणीतरी तिकडे कळवलं असणार. चौघांतल्या एकाची सही तर त्या कागदाच्या पाठीवरच होती.

३

साहेबांनी सही ओळखली, आणि त्यांचा चेहरा पडला नाही.

"माझीच आहे. मग?"

"म्हणजे हे मूळ कागद तुमच्यासमोर आले होते. ते घेऊन आलेली बाई वेगळी होती."

"बाई, तेव्हा मी दिवसाला चारशे माणसं रुजू करून घेत होतो. कागद बघायचो. चेहरे बघत बसलो असतो तर अजून तिथेच असतो." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "हे बाहेर गेलं तर चौकशी माझी होईल. त्या बाकावरच्या बाईची बाजू घेणारं कोण आहे? कोणी नाही. नीट विचार करा."

"तुम्ही उपविभागात फोन केला होता?"

"मी? मला त्या कर्मचारी बाईचं टेबलसुद्धा ठाऊक नाही."

साहेब भित्रे होते, पण खोटं बोलताना ते टाय सैल करत, हे बाईंना वीस वर्षांत पाठ झालं होतं. टाय जागच्या जागी होता. आणि साहेब यात सामील असते तर त्यांनी सही अशी मोकळी सोडली नसती. कागद परत देण्याआधीच रबर फिरवायला त्यांना सहज जमलं असतं.

जावक विभागातले अण्णा तीस वर्षं खात्याची पत्रं पाठवत होते. नेमणुकीची पत्रं अण्णांकडून भलत्याच हातात जातात, अशी कुजबुज अधूनमधून व्हायची. बाईंनी विचारलं तेव्हा अण्णांनी नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली आणि पोचपावत्यांचा गठ्ठा सोडला.

"हे घ्या. पत्र गेलं, पोचलं, पावती परत आली. माझं काम चोख आहे. लोक काय, काहीही बोलतात."

पावतीवर वळणदार, छापल्यासारख्या अक्षरात सही होती. बाकावरच्या बाईच्या वडिलांची. त्यांच्या नावापुढे 'पिता' असंही लिहिलेलं होतं.

म्हणजे पत्र घरात पोचलं होतं. कागद घरातून निघाले होते आणि घरात परतले होते. मग दुपारच्या फोनसाठी कार्यालयातले चौघे शोधायची गरजच काय? एक फोन तर बाईंनी स्वतःच करू दिला होता.

बाईंना एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्यांच्या डोक्यात ते आठ फॉर्म घोळत होते. अपात्र अर्ज दहा वर्षं जपून ठेवायचा नियम होता. अभिलेखागारातल्या माणसाने दोन तास खपून आठही काढून दिले. बाईंनी ते टेबलावर ओळीने मांडले.

पहिल्या वर्षी फोटो नाही. दुसऱ्या वर्षी फोटोवर सही नाही. तिसऱ्या वर्षी जन्मतारखेचा दाखला जोडलेला नाही. चौथ्या वर्षी प्रतिज्ञापत्रावर सही नाही. बाई वाचत गेल्या आणि त्यांचं बोट हळूहळू थांबत गेलं. वेंधळं माणूस एकच चूक पुन्हा पुन्हा करतं. दर वर्षी नवी चूक आणि जुनी एकदाही नाही, असा वेंधळेपणा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. शिवाय चुकांचा क्रमही त्यांच्या ओळखीचा होता. छाननी करणाऱ्यांना आतल्या आत जी तपासयादी दिली जाते, तिच्यातली कलमं ती एक, दोन, तीन करत उतरत होती. पहिल्या फॉर्मवर फोटोच्या जागी वाळलेला डिंक होता. फोटो लावला होता, आणि कोणीतरी तो उपटला होता.

फॉर्म अपात्र ठरवणाऱ्याला खाली टेबल क्रमांक टाकून पूर्ण नाव लिहावं लागतं. आठही फॉर्मवर टेबल क्रमांक बावीस होता.

बावीस नंबरवाल्या बाईने लिहिलेलं नाव आणि वरती अर्जदाराचं नाव एकच होतं.

४

बावीस नंबरला बाई ओळखत होत्या, नावाने नाही, टेबलाच्या नंबराने.

छाननीच्या पंधरा दिवसांत उपविभागांतून साठ माणसं मुख्य कार्यालयात बोलावली जात. त्यांत ही गेली आठ वर्षं होती. मान खाली घालून काम करणारी, डबा टेबलावरच खाणारी. पहिल्याच वर्षी बाईंनी तिला विचारलं होतं, "कोणतं टेबल हवं?" ती म्हणाली होती, "भिंतीकडचं." त्यानंतर ते तिचंच झालं. दारातल्या पेटीत हाताने टाकलेले अर्ज त्याच टेबलावर जात. आठही अर्ज बाईंच्या सहीने कायमचे बाद झाले होते. बावीस नंबरच्या गठ्ठ्यांवर बाई डोळे मिटून सही करत, कारण तिच्या कामात कधी खोट निघत नसे.

बाईंनी संगणकावर तिची नोंद उघडली. वय तेहतीस.

मागच्या वर्षीची एक दुपार त्यांना आठवली. बावीस नंबर चष्मा घरी विसरली होती. अर्ज हातभर लांब धरून वाचायची तिची धडपड बघून बाईंनी तिला आपली चाळिशी दिली होती. "नंबर जमतोय?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "अगदी माझाच आहे." दोघी हसल्या होत्या.

एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी चाळिशी कोणाला लागत नाही. ती बाई निदान चाळिशीपलीकडची होती. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी ती तिशी ओलांडून वयाच्या मर्यादेला येऊन ठेपली होती. तिची ती शेवटची संधी असणार.

पाच वाजत आले होते. बाकावर ती अजून बसून होती. सकाळपासून तिने पाणीही मागितलं नव्हतं.

"चल, तुझ्या घरी जाऊ," बाई म्हणाल्या. आपण तिला अगंतुगं करतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुझी ताई काय करते?"

तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "दुसऱ्या गावी रुग्णालयात असते. चौकशीच्या खिडकीवर. दर शनिवारी येते. घर तिच्यावरच चालतं. माझे फॉर्म तीच आणून टाकायची इथे पेटीत. टपालाचा भरवसा नाही म्हणायची. यंदा म्हटलं, किती त्रास द्यायचा तिला? न सांगता टपालानेच पाठवून दिला."

"रुग्णालयात रविवारी पाळी नसते तिला?"

"नाही. सणवार, सरकारी सुट्ट्या, सगळ्यांना घरीच असते."

"आणि फॉर्म भरायच्या दिवसांत?"

"तेव्हा तर पंधरा दिवस इथेच असते. त्यांच्या इथल्या शाखेत काम असतं तिला." ती मध्येच थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

"ती किती वर्षांनी मोठी तुझ्याहून?"

"नऊ."

५

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई यंत्र, त्यावर अर्धा निळा सदरा. दार उघडलं ते बावीस नंबरने.

"ताई, तू आज कशी?" धाकटी म्हणाली.

ताईने बाईंना पाहिलं. तिने दार लावायचा प्रयत्न केला नाही, पळायचाही नाही. ती फक्त बाजूला झाली आणि सवयीने म्हणाली, "या बाई."

"तुम्ही ओळखता एकमेकींना?" धाकटीने विचारलं.

आतल्या खाटेवर वडील बसले होते. आयुष्यभर न्यायालयात नकला उतरवणारा माणूस. अक्षर अजून मोत्यासारखं. बाईंनी पोचपावती त्यांच्यासमोर ठेवली आणि त्याच खोलीत, उभ्या उभ्याच, सगळं सांगितलं. प्रमाणपत्रामागची खूण. उशाखालची किल्ली. आठ चुका आणि आठ कलमं. दुपारचा फोन, जो कार्यालयातल्या कोणी केला नव्हता. खाटेवरून झाला होता. त्या सांगत होत्या खात्याच्या भाषेत, कोरडेपणाने, कारण दुसऱ्या कोणत्या भाषेत हे सांगायचं त्यांना सुचत नव्हतं.

धाकटी ऐकत होती. ती यंत्राच्या स्टुलावर बसली आणि निळ्या सदऱ्याची बाही सरळ करू लागली.

"मी पास झाले होते?" तिने विचारलं.

"तिसऱ्या क्रमांकाने," बाई म्हणाल्या.

वडिलांनी खाकरून घसा साफ केला. "हिचं वय चोवीस होतं. हिच्या हातात वर्षं होती. थोरलीच्या हातात एकही नव्हतं. लग्नाचंही वय गेलं होतं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी धाकटी पुन्हा देईल, हुशार आहे, तिला काय. एकाच घरात तर राहणार होतं सगळं."

"पुढच्या वर्षी का नाही देऊ दिलीत?"

याचं उत्तर ताईने दिलं. आवाज तोच, टेबलाशी बोलायची तसा, खालचा.

"त्याच कागदांवर दुसरी नेमणूक निघाली असती तर मी पकडले गेले असते. पहिल्या वर्षी फोटो काढला तेव्हा हात कापत होता माझा. दुसऱ्या वर्षी नाही कापला."

"आणि घरी ही वेंधळी ठरली."

"हो," ताई म्हणाली. "ते बाबांनी सुरू केलं. मग मला सोपं गेलं."

धाकटीने बाही सोडली. तिला काहीतरी आठवत होतं, एकामागून एक. "मला बघायला आलेले ते लोक. तूच त्यांना सांगितलं होतंस, हिला साधा फॉर्म नीट भरता येत नाही."

खाटेवरून वडील म्हणाले, "चहा ठेव कोणीतरी."

कोणीच हललं नाही.

६

दुसऱ्या दिवशी बाराला साहेबांच्या खोलीत दक्षता विभागाचे दोन अधिकारी बसले. साहेबांनी रातोरात आपली बाजू बदलली होती. त्यांच्या मते दोघी बहिणींनी संगनमताने खात्याला फसवलं होतं.

सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं. धाकटीने कागद स्वतःहून दिले असतील तर प्रकरण घरगुती ठरेल. ताईची नोकरी जाईल, धाकटीला जन्माची बंदी येईल, तुरुंग कोणालाच नाही. दिले नसतील तर ताईवर फौजदारी होईल.

वडील आले होते. इस्त्रीचा सदरा घालून, काठी टेकत. बाहेरच्या बाकावर ते धाकटीशेजारी बसले होते आणि दार उघडं असल्यामुळे बाईंना सगळं ऐकू येत होतं.

"तू म्हण, मीच दिले. तुझं काय जाणार आहे? तुझं तसंही वय गेलं. ताई बेचाळीस वर्षांची, तिला तुरुंगात घालशील? तिने तुला नऊ वर्षं पोसलं."

धाकटी बाकावर थोडी पलीकडे सरकली.

"मी मरायच्या आधी एवढं ऐक माझं, वेंधळे."

ती उठून आत आली. अधिकाऱ्याने विचारलं, "कागद तुम्ही राजीखुशीने दिले होते?"

ताई समोरच्या खुर्चीत बसली होती. दोघींची नजर एकमेकींना भिडली. ताईने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. तिने नुसती वाट पाहिली.

"नाही," धाकटी म्हणाली. "मला कोणी विचारलंच नव्हतं."

ताईला त्याच दुपारी नेलं. साहेबांच्या चौकशीत 'कामाचा ताण लक्षात घेता' असा शेरा आला आणि त्यांची बदली एका बऱ्या जागी झाली. धाकटीची प्रमाणपत्रं पुरावा म्हणून न्यायालयात जमा झाली. आणि मूळ कागद मुदतीत सादर न केल्याने तिचा यंदाचा अर्ज अपात्र ठरला. बाईंनी तीन टिपणं लिहिली. तिन्ही परत आली. नियमाला अपवाद नव्हता, आणि तो नियम पंधरा वर्षांपूर्वी बाईंनीच लिहिला होता.

अपात्रतेचं पत्र टपालाने पाठवायचं त्यांच्याने झालं नाही. त्या स्वतः घेऊन गेल्या.

दोन महिने उलटले होते. यंत्रावर सदऱ्यांचा ढीग तसाच होता. आतून वडिलांनी "कोण आहे?" असं विचारलं नाही. तिने शिजवलेलं ते खात होते, पण तिच्याशी बोलत नव्हते. धाकटीने पत्र उभ्यानेच वाचलं, घडी केली आणि पोचपावतीवर सही करून दिली.

"मी काल ताईला भेटून आले," ती म्हणाली.

"कशी आहे?"

"तिथे तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतात. नऊ वर्षं त्या नावाने तिला बाहेर कोणी हाक मारलेली नाही, त्यामुळे तिला पटकन कळत नाही. पहारेकरणींना वाटतं मुद्दाम करते. दोनदा मार खाल्ला तिने त्यापायी. गालावर वळ होता."

"तुझ्याशी बोलली काही?"

"जाळीपलीकडे मान खाली घालून बसली होती. मी ताई म्हटलं, तर वर बघेना. मग मी माझ्या नावाने हाक मारली." धाकटीने निळा सदरा यंत्राखाली सरकवला. "लगेच वर पाहिलं तिने."

"मग?"

"मग मी उठून आले," ती म्हणाली, आणि तिने यंत्राचं चाक फिरवलं.